गोजराचं सात मजली शेत

राजा रायभानने उकडलेलं अंडं सुरीने कापलं, आत डोकावून पाहिलं आणि ताट ढकलून दिलं.

"परत फिकं! हा बलक आहे की पातळ ताक? मानाजी!"

मानाजी म्हणजे राजाच्या खुराड्याचा कारभारी. तो धापा टाकत आला.

"महाराज, चाळीसही कोंबड्यांना निवडलेला गहू घालतो. तुमच्या ताटातलाच!"

"मग परवाचं अंडं हळदीसारखं पिवळंधमक कसं होतं?"

आता आचाऱ्याला घाम फुटला. परवा अंडी कमी पडली, म्हणून त्याने गुपचूप बुरूडआळीतल्या गोजराकडून चार आणली होती. तसं त्याने चाचरत कबूल केलं.

राजा पक्का हट्टी! तो तसाच उठला आणि लवाजम्यासकट बुरूडआळीत जाऊन थडकला. गोजरा अंगणात बांबूच्या कामट्या काढत होती. बाप गेल्यापासून ती एकटीच. टोपल्या आणि परड्या विकून मीठमिरची सुटायची, बाकी घर चालायचं ते बारा कोंबड्यांवर.

"पोरी, या बाराही कोंबड्या आजपासून माझ्या!"

हातातली कामटी खाली न ठेवता गोजरा म्हणाली, "न्या की सरकार. पर महिन्याभरात यांचाबी बलक फिकाच निघंल."

"का? माझ्या खुराड्याला काय शाप आहे?"

"शाप कशापायी? तिथं हिरवं न्हाई. माझ्या कोंबड्यांस्नी मी रोज हिरवा चारा कापून घालते."

सगळा लवाजमा खो खो हसला. भर वैशाख! नदीत नुसती वाळू, राजाच्या बागेतल्या दूर्वासुद्धा जळालेल्या, आणि घरटी रोज एक घागर पाणी मोजून मिळत होतं.

"रोज कापतेस? म्हणजे रोज पेरतही असशील!" राजाने डोळे मिचकावले.

"व्हय."

"एकाच शेतात?"

"व्हय की!"

"ऐकलंत? एकाच शेतात, एकाच दिवशी पेरणी आणि कापणी! दाखवच मग. आठव्या दिवशी येतो. जमीन मिळणार नाही, नांगर मिळणार नाही, पाणी तुझ्या वाट्याचं तेवढंच. जमलं तर कोंबड्या तुझ्या, नाहीतर बाराही माझ्या!"

"आन् बियाणं?"

"माझ्या कोठारातून घे, रोज ओंजळभर गहू!"

राजा गेला आणि गोजराने कपाळावर हात मारला. चारा ती पिकवायची हे खरं, पण आठवड्याला एकच परडी! बोलण्याच्या भरात 'रोज' निघून गेलं होतं. परडीत गव्हाचा चारा काढायची युक्ती तिला कोंबड्यांनीच शिकवली होती. नवरात्रात तिने घट बसवला होता, आणि दसऱ्याला घट उठायच्या आधीच या बारा जणींनी त्यातला कोवळा गहू ओरबाडून खाल्ला होता. तेव्हा ती त्यांच्या नावाने खूप ओरडली होती, पण मग अंड्यांचा बलक पिवळाधमक निघू लागला.

पण रडत बसली तर ती गोजरा कसली? आढ्याला सुतळी बांधून तिने सात परड्या एकीखाली एक टांगल्या आणि कामाला लागली.

भिंतीआडून मानाजी पाहत होता. गोजराने गहू भिजत घातलेला दिसताच तो राजवाड्याकडे पळाला. 'हात्तिच्या, एवढंच? मीच आधी करून दाखवतो!' त्याने तांब्याच्या हंड्यात मणभर गहू पाण्यात बुडवला आणि झाकण लावून टाकलं. गोजरा जन्मभर कामट्या भिजवत आलेली. किती वेळ भिजवायचं आणि कधी उपसायचं हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. मानाजीच्या बोटांना काय ठाऊक? पाचव्या दिवशी असा वास सुटला, की राणीसाहेब माहेरी निघून गेल्या!

आठव्या दिवशी राजा आला. रुबाब दाखवायला मानाजीच्या काखेत राजाची लाडकी कोंबडीही होती.

गोजराने सगळ्यांना घरात नेलं. सगळ्यांत वरच्या परडीत नुकते मोड फुटलेले गहू, त्याखालच्या परडीत पांढरे कोंब, मग हिरवी टोकं, आणि खाली खाली जावं तसा चारा उंच होत गेलेला. गोजराने वरच्या परडीत तांब्याभर पाणी शिंपडलं. ते थेंब थेंब झिरपत सातही परड्या भिजवून खालच्या परातीत उतरलं, आणि ते तिच्या कोंबड्यांनी पिऊन टाकलं!

मग तिने सगळ्यांत खालची परडी सोडली आणि हिरवागार चारा कापून घेतला.

"ही कापणी!"

त्याच परडीत तिने आदल्या रात्री भिजवलेला गहू पसरला, बाकीच्या सहा परड्या एकेक पायरी खाली घेतल्या आणि ती सगळ्यांत वर टांगली.

"ही पेरणी! शेत एक, दिवसबी एक."

"लबाडी!" राजा ओरडला. "आज कापलंस ते आठवड्यापूर्वी पेरलेलं! आज पेरलंस ते आज कुठं कापलंस?"

गोजराने कमरेवर हात ठेवले.

"सरकार, आज सकाळी तुमी खाल्लेलं अंडं आजच जन्मल्या पिल्लानं घातलं व्हतं का?"

तिने आपल्या कोंबड्यांकडे बोट दाखवलं.

"खुराड्यात रोज पिल्लू निघतं, आन् अंडंबी रोजच मिळतं. मग खुराडी दोन म्हणायची का एक?"

"असेल, असेल!" राजा गुरगुरला. "पण माझ्या कोंबड्या असलं गवत खाणार नाहीत. त्या राजघराण्यातल्या..."

फडफड! लाडकी कोंबडी मानाजीच्या नाकावर पंख मारून सुटली आणि थेट चाऱ्यावर तुटून पडली. मानाजी ओढतो, ती टोचते! मानाजी परत ओढतो, ती परत टोचते!

राजा आधी गालात हसला, मग मोठ्याने हसला, आणि शेवटी पोट धरून खाली बसला. चाऱ्यातला एक तुरा उचलून त्याने पागोट्यात खोवला.

"वैशाखातच दसरा केलास की गं! मानाजी, त्या उरलेल्या एकोणचाळीसही इथंच आणून सोड. कोठारातून गहूही पाठव. गोजरा, रोज बारा अंडी वाड्यावर दे, बाकीची तुझी."

"आणि मी महाराज?" मानाजीने नाक चोळत विचारलं.

"तू या परड्यांना पाणी घाल!"

राजा घोड्यावर बसला. तुरा डुलत होता, हसू काही थांबत नव्हतं.

"बारा न्यायला आलो होतो, आणि चाळीस ठेवून चाललो!"