आबासाहेबांच्या हौदातले मासे

गावात डास नाहीत, असे नगराध्यक्ष आबासाहेबांनी भर सभेत ठोकून दिले होते. त्यांच्याच बंगल्यातल्या कमळांच्या हौदावर मात्र डास घोंघावत. शेजारच्या वत्सलाबाईंचा थोरला नातू डेंग्यूतून नुकताच उठला होता. धाकट्याला जपायचे होते. म्हणून वत्सलाबाई डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आबासाहेबांकडे गेल्या.

"डासच नाहीत, तर मासे कशाला, बाई?"

"तुमचा शब्द खरा करायला. डास नसतील तर मासे उपाशी मरतील. मग दाखवा की गावाला."

आबासाहेबांनी खुशीत परवानगी दिली.

महिन्याने मेलेले मासे दाखवायला त्यांनी चार माणसे जमवली. हौदात गुबगुबीत मासे पिलावळीसह फिरत होते.

"यांना खायला कोण घालतं?" आबासाहेब गरजले.

वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या, "कुणी नाही. गावात नसलेल्या डासांवर जगतात बिचारे."