राजाची मिटलेली मूठ

एका राज्यात टेकडीवर एक ओसाड इगर्जी, म्हणजे चर्च, होती आणि तिच्यामागे दफनभूमी. दिवस कलला की तिथून एक बाई हाक मारी. ओ दिली तर माणूस मरतो, असं वडीलधारी सांगत आणि लेकरांच्या कानांत कापसाचे बोळे घालत. राजकन्या एस्तेर असेच बोळे घालून वाढली.

तिचा बाप राजा बालतजार. त्याची उजवी मूठ दगडाची होती. साथीत राणी गेली, त्या दिवसापासून मिटलेली. यंदा दगड खांद्यापर्यंत चढला. आता काळजाला भिडणार, असं वैद्य म्हणाले.

"शाप कुणाचा?" एस्तेरने विचारलं.

"टेकडीवरच्या हडळीचा," म्हातारा कारभारी म्हणाला. "अधिक विचारू नये, राजकन्ये."

"कुणी विचारलं नाही, म्हणूनच दगड खांद्यावर आला, कारभारीबाबा!"

तिने बोळे फेकले आणि टेकडी चढली.

मनोऱ्यावर पिंगळा बसला होता. तो माणसाच्या वाणीने म्हणाला, "उशीर केलास. आता तीन कामं कर. फाटक उघड. घंटेला तिची जीभ दे. आणि ज्याने मूठमाती दिली नाही, त्याला इथे आण. आपल्या माणसाच्या हातची माती पडल्याशिवाय मेलेला जात नाही."

फाटक काट्यांनी शिवलेलं होतं. हात रक्ताळले, पण उघडलं. घंटेचा लोलक वडीलधाऱ्यांनी विहिरीत टाकला होता. पाण्याने वाट दिली, तिने तो वर आणला. घंटा वाजली, ऊन उतरलं, आणि हाक आली.

"एस्तेर, बाळा, जेवलीस का?"

असं तर आईच विचारते. "ओ, आई," ती म्हणाली. ती मेली नाही.

घरी येऊन ती राजापुढे उभी राहिली. "बाबा, आईला माती कुणी दिली नाही?"

राजाने मान खाली घातली. "मी. खड्ड्याशी उभा होतो, मूठ भरून घेतली होती. शेजारचा माणूस खोकला आणि साथीच्या भीतीने मी पळालो."

"आणि हडळ?"

"ती मी रचली. प्रजेने वाढवली."

"उद्या चला."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही शिकवलं तेच आजवर म्हणत आले. आता दुसरं काही शिकवा."

दुसऱ्या दिवशी राजा कबरीशी गुडघे टेकून बसला. "चुकलो, मार्था," म्हणाला. मूठ उघडली. आतली माती अजून ओली होती. ती खाली पडली, तसा दगड खांद्यावरून उतरत गेला. कबरीवर बसलेली एस्तेरची आई क्षणभर दिसली. ती उठली, तिने पदर झटकला आणि ती दिसेनाशी झाली. एस्तेरला पुष्कळ बोलायचं होतं.

"इतकी वर्षं ती हेच विचारत होती?" तिने पिंगळ्याला विचारलं.

"रोज," पिंगळा म्हणाला आणि उडून गेला.

राजा बरा झाला. त्या राज्यात आता कापसाच्या फक्त वाती होतात. एस्तेर मात्र दिवस कलला की फाटकाशी येऊन बसते. कान उघडे असतात. घंटा वाजते. हाक येत नाही. मग ती उठते, घरी जाते आणि वेळेवर जेवते.