रांगोळी भाषेची नवी आवृत्ती

“कुणीतरी माझ्या नगाऱ्याचे कान फुंकलेत!”

महाराज धुंडिराज गरजले आणि सगळा दरबार मान खाली घालून आपापल्या पायांची बोटं न्याहाळू लागला. प्रकार होताच तसा. सकाळी महाराजांनी सवयीप्रमाणे “वाजव” म्हटलं, तर नगाऱ्यानं उलट विचारलं, “काय वाजवू?” मग ते महालाच्या दारांना “उघड” म्हणाले, तर सगळी दारं एका सुरात म्हणाली, “आमच्यापैकी कोण?” राजाला प्रश्न, आणि तोही लाकडानं!

धुंडिराजांच्या राज्यात दारं, नगारे, गाडे सगळं यंत्रावर चाले आणि यंत्रांना एकच भाषा कळे. तिचं नाव रांगोळी. ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. चव्हाट्यावर सगळ्यांसमोर मांडलेली असे. ज्याला सुचेल त्यानं बदल सुचवावा, इतरांनी तो तपासावा आणि पटला तर दसऱ्याला निघणाऱ्या नव्या आवृत्तीत घ्यावा, अशी रीत होती. यंदाची आवृत्ती कालच निघाली होती. काय काय बदललं त्याची दवंडीही पिटली होती. त्या वेळी महाराज वामकुक्षी घेत होते. खरं सांगायचं तर बाकीचेही घेत होते.

“हा बदल कुणाचा?” महाराजांनी विचारलं.

“माझा, महाराज.” बुरुडाची लेक सारजा पुढं आली. “आधीच्या आवृत्तीत यंत्रं अंदाज बांधायची. वैशाखात आपण सज्जात उभे राहून नुसतं ‘सोड’ म्हणालात. आपल्याला पारवे सोडायचे होते. हत्तीखाना उघडला.”

राजगुरू खोकले. त्या दिवशी ते ज्या चिंचेवर चढले होते, तिथून त्यांना उतरवायला शिडी आणावी लागली होती.

“अंदाज चुकतो, म्हणून आता यंत्र आधी विचारतं,” सारजा म्हणाली.

“हत्ती परवडले, प्रश्न नकोत. ऐक पोरी. उद्याच्या दरबारापर्यंत भाषा बदल. यंत्रानं मला विचारायचं नाही आणि चुकायचंही नाही. मी नुसतं ‘आण’ म्हटलं, तर माझ्या मनात असेल तेच आलं पाहिजे. नाहीतर चव्हाटा बंद! भाषेला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. पुन्हा कुणी तिला हात लावायचा नाही.”

सारजाला जुनी गोष्ट आठवली. लहानपणी बापाचं बांबू चिरणारं यंत्र वाकडं चिरायचं, तेव्हा तिनं चव्हाट्यावर भाषेतली चूक दाखवली होती. ती दुरुस्त केली होती कोकणातल्या एका नावाड्यानं. त्यानं तिला पाहिलं नव्हतं, तिनं त्याला. किल्ली एकाच्या कमरेला गेली, की असा नावाडी पुन्हा कुठून मिळणार?

ती तडक चव्हाट्यावर गेली. तिथं लोकांनी डोक्याला हात लावला.

“मनकवडं यंत्र?” म्हातारा कुंभार हसला. “अगं, देवालासुद्धा नवस नीट बोलून सांगावा लागतो.”

सारजा थबकली. मग खुदकन हसली. तिनं भाषेत नवं काही घातलंच नाही. यंत्राचा प्रश्न तेवढा पुसला आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही. लोकांनी तपासलं, एकमेकांकडं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसत मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या मधोमध हुकमी गाडा उभा राहिला.

“आण,” महाराज म्हणाले.

गाडा ढिम्म.

“आण म्हणतो ना!”

गाड्याचं चाक तसूभर हललं नाही. ना प्रश्न, ना उत्तर. प्रधानजी खुशीत पुढं सरसावले. “हरली पोर. महाराज, कुलूप कोणत्या मापाचं करू?”

“थांबा हो प्रधानजी,” महाराज वैतागले. ओरडून त्यांचा घसा सुकला होता. ते गाड्यावर खेकसले, “अरे ठोंब्या, माठातलं गार वाळ्याचं सरबत आण! मोठ्या पेल्यात, आणि लिंबू न पिळता!”

गाडा भिंगरीसारखा फिरला, गेला आणि सरबत घेऊन आला. मोठा पेला, गार, लिंबाचा थेंब नाही.

“हवं तेच आलं ना, महाराज?” सारजानं विचारलं.

“मी सांगितलं म्हणून आलं!”

“पण त्यानं काही विचारलं?”

“नाही.”

“काही चुकलं?”

महाराजांनी एक घोट घेतला. “नाही. पण नुसता उभा होता तो!”

“विचारायला बंदी होती, चुकायला बंदी होती. थांबायला बंदी आपण घातलीच नव्हती. बरं, पहिल्यांदा ‘आण’ म्हणालात, तेव्हा आपल्या मनात काय होतं?”

महाराजांनी तोंड उघडलं. छताकडं पाहिलं. प्रधानजींकडं पाहिलं. “तेव्हा ना... काही नव्हतं. म्हटलं, बघू काय आणतो.”

“मग तेच तर त्यानं आणलं, महाराज. काही नाही!”

महाराज असे हसले, की सरबत दाढीवरून थेट जरीच्या शेल्यावर ओघळलं. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी सारजाच्या हातावर ठेवला.

“चव्हाट्याला कुलूप लागणार नाही. उद्या गादीवर बसून माझ्या नातवानं म्हटलं, तरी नाही! आणि पोरी, मलाही एक बदल सुचवायचाय.”

“जरूर या, महाराज. रांगेत उभं राहावं लागेल. आणि बदल पटला नाही, तर लोक तोंडावर सांगतात.”

“माझ्या?”

“कुणाच्याही.”

महाराज पुन्हा हसायला लागले. एवढ्यात खांबाआडून राजवाड्याचा आचारी हात पुसत पुढं आला.

“सारजाताई,” तो हळूच म्हणाला, “ही आवृत्ती मुदपाकखान्यात कधी बसवता? महाराज पानावर बसले की नुसतं ‘वाढ’ म्हणतात. म्हणून इतकी वर्षं आम्ही रोज बाजारातली एकूण एक भाजी रांधतोय.”