चारच गुण

आंबेखोलचा सरकारी दवाखाना तपासायला जिल्ह्याहून दळवीसाहेब मोठ्या रुबाबात आले. डॉक्टरीणबाईंना दहापैकी किती गुण देता, असं ते एकेका पेशंटला विचारू लागले. जो तो म्हणे, "चार!" डॉक्टर नलिनी गावितांचा चेहरा पडला.

"एवढी वाईट वागते का ही बाई?" साहेब कडाडले.

रांगेतल्या तानूआजी हात जोडून म्हणाल्या, "साहेब, मागच्या डॉक्टरला आम्ही दहा दिले, तर तुम्ही त्याला उचलून जिल्ह्याला नेलंत. ही तर पोटच्या पोरीसारखं बघते आमचं. हिला दहा द्यायची आमची छाती नाही."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी शेरा लिहिला : 'सदर डॉक्टरांची बदली केल्यास गावाच्या प्रकृतीस धोका आहे.'

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.