खोताच्या फेट्याचं ठिगळ

कातळसड्याच्या तरीवर आलात की होडीच्या मधोमध अंथरलेली एक गोधडी दिसेल. बसायला मऊ म्हणून तिच्यावर टेकू नका. शहरातले पाहुणे हटकून टेकतात आणि बायकांच्या शिव्या खातात. तिच्या कडेनं बसायचं. कड भरली की होडी भरली. उरलेल्यानं, मग तो मामलेदार का असेना, काठावर माश्या मारायच्या.

ही रीत आवडी नावाच्या बाईनं घातली, असं सांगतात.

तेव्हा तरीचा मक्ता विसू खोताकडे होता. होडी कसली, पाण्यावरची चाळण. खोत माणसं, शेरडं, भाताची पोती एकावर एक रचायचा आणि फटीत काथ्या भरायच्या ऐवजी खाडीला नारळ फोडायचा. नारळ स्वस्त, शिवाय फोडल्यावर एक कवड घरी परत. होडी उलटली की म्हणायचा, "खाडी वर्षाला माणूस मागतेच." आणि गाव, म्हणे, माना डोलवायचं. माना डोलवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरला नाही.

त्या वर्षी आवडीची थोरली लेक शेवंती बुडाली. तिचं लुगडं तेवढं तिवरांत अडकलेलं सापडलं. खोत दारात आला आणि तेच पालुपद लावलं. आवडीनं त्याला बसायला पाट दिला नाही.

"खाडी मागते, हे तिनं तुमच्याच कानात येऊन सांगितलं काय?" एवढंच विचारलं.

धाकटी गजरा पलीकडच्या तीरावर नांदत होती. तिचे दिवस भरत आलेले. पंधरवड्यात बाळंतपणाला यायची, ती त्याच होडीतून. आवडीला रडायला सवड नव्हती.

तिनं शेवंतीचं लुगडं कापलं आणि घरोघर फिरली. ज्या घरचं माणूस तरीवर बुडून गेलं होतं, त्या घरानं त्याचं कापड काढून दिलं. कोणी बंडी दिली, कोणी झबलं. बायका आवडीच्या पडवीत सुया घेऊन बसल्या. टाके घालताना त्या रडल्या नाहीत, खोताचा उद्धार करत राहिल्या. म्हणून त्या गोधडीचा टाका इतका घट्ट बसलाय म्हणे.

मधला एक चौकोन तेवढा उरला. त्याचं कापड खुद्द खोतिणीनं आणून दिलं, नवऱ्याच्या फेट्याचं टोक. "मीपण त्याच होडीतून माहेरी जाते," ती म्हणाली.

सकाळी गोधडी होडीत अंथरली. मेलेल्यांच्या कापडावर पाय कोण देणार? मावली तेवढी माणसं कडेनं बसली, बाकीची काठावर राहिली. खोत धावत आला.

"उचला ते चिंध्यांचं बोचकं."

गडी जागचे हलेनात. तो स्वतःच वाकला आणि मधोमध त्याला आपला फेटा दिसला.

"हे काय?"

"तुमची जागा धरून ठेवलीय, खोत," आवडी म्हणाली. "खाडी माणूस मागतेच ना? यंदा आम्ही तिला नाव सांगितलंय."

खोताचं तोंड उकडलेल्या केळफुलासारखं झालं. "उसव ते, आवडे."

"जिनं टाका घातला तिनंच उसवायचा, दुसऱ्यानं हात लावला तर शिवलेलं खरं होतं. ठाऊक आहे तुम्हाला. फळ्या बदला. फटीत काथ्या भरा, राळ भरा. मग पहिल्या खेपेला तुम्ही बसा आणि माझ्या गजराला घेऊन या. ती इथं उतरली की उसवते."

भ्यालेला माणूस कामाला फार चांगला. खोतानं सुतार आणला, स्वतः पालथा पडून एकेक फट चाचपली. गजरा आली तेव्हा तो तिच्या शेजारी देव आठवत बसला होता. आवडीनं लेकीला उतरवून घेतलं, तिच्या कोरड्या पावलांवरून हात फिरवला आणि मग सुई हातात घेतली. फेट्याचं ठिगळ उसवलं. चौकोन मात्र बुजवला नाही.

आजही जो मक्ता घेतो त्याच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा त्या चौकोनात टाचतात. वर्षभर सगळे सुखरूप उतरले, तरच दसऱ्याला बायका तो उसवून देतात. बाकीची ठिगळं आवडीच्या वेळची आहेत. त्यांत नवं एकही पडलेलं नाही.

पलीकडे ते सिमेंटचे खांब दिसतात ना, तिथं पूल होणार म्हणतात. पुलाचे साहेब परवा पाहणीला आले होते. त्यांच्या सदऱ्यावर चिखल उडाला, तर आमच्या बायकांनी अगत्यानं धुऊन, वाळवून दिला. खालची पट्टी तेवढी नव्हती. उंदरानं खाल्ली म्हणाल्या.