गादीवरची हिमसुंदरी

"वैशाखाच्या उन्हात बर्फाळ मुलखातलं रोप फुलवून दाखवा, नाहीतर परसबाग सरकारजमा!"

खडकनेरच्या रणधवल राजांनी असा हुकूम काढला आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. विहिरींचं तर आधीच पळालेलं होतं.

झालं होतं एवढंच, की सातासमुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्यानं राजांना हिमसुंदरी नावाचं रोप दाखवलं आणि राजे खुळावले. आपल्या मातीत उगवतं ते गवत आणि बाहेरून येतं ते रत्न, हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. पण राजांना एकदा पटलं, की ते सगळ्यांना पटवून घ्यावंच लागतं. घरोघरी एकेक रोप वाटलं गेलं. पौर्णिमेला राजे जातीनं परसबागांची फेरी करणार होते.

रोपं वाटताना प्रधान विसाजीपंतांनी मिशीला पीळ देत बजावलं, "हे रोप म्हणजे प्रत्यक्ष महाराज समजा. महाराजांना जसं वागवाल, तसंच याला वागवा. कसूर झाली तर बाग गेलीच म्हणून समजा."

कोंडाजीची लेक म्हाळसा रोप घेऊन घरी आली आणि परसात नुसती उभी राहिली. बहावा पिवळाधमक लटकला होता. कुडा पांढरा झाला होता. अडुळसा, शेवगा, करवंदीचं कुंपण, सगळं तिच्या आईच्या हातचं. आई गेली त्याला वर्ष झालं होतं. आता तिच्या बागेवर नांगर फिरणार होता.

"पोरी, लाव ते बहाव्याखाली आणि घाल पाणी," कोंडाजी म्हणाला. "जगलं तर जगलं."

"बाबा, हुकूम नीट ऐकला नाहीत तुम्ही. जावयासाठी जपून ठेवलेली गादी काढा बघू."

"जावई? कधी ठरला गं?"

"जावयाहून मोठा पाहुणा आलाय," म्हाळसा म्हणाली, आणि पंखा शोधायला आत गेली.

पौर्णिमा उजाडली. फेरी आधी शेजारच्या तुकशेटींकडे शिरली. म्हाळसा कुंपणाआडून बघत होती. तुकशेटींचं रोप केव्हाच वाळून काटकी झालं होतं. पण तुकशेटी कापडाचे व्यापारी! त्यांनी काटकीला रेशमाची फुलं शिवून टाकली होती.

"अहाहा, काय हा सुवास!" विसाजीपंतांनी वाकून डोळे मिटले.

राजांना वास आला नव्हता. पण प्रधानांना आला म्हटल्यावर त्यांनाही आला. तुकशेटींना शेला मिळाला, आणि फेरी कोंडाजीच्या परसात आली.

राजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "माझी हिमसुंदरी कुठाय?"

"घरात आहे महाराज. या ना."

ओसरीवर जाजम, जाजमावर गादी, गादीवर लोड. लोडाला टेकून हिमसुंदरी आडवी पडली होती, वाळून कोळसा झालेली. मुळांना अत्तर लावलं होतं. पुढ्यात तबक, तबकात विडा, शेजारी वाटीभर श्रीखंड. कोंडाजी घामाघूम होऊन पंख्यानं वारा घालत होता.

"हा काय चावटपणा आहे?" राजे कडाडले. "रोप मातीत लावायचं सोडून गादीवर?"

म्हाळसेनं हात जोडले. "महाराज, प्रधानजी म्हणाले, रोप म्हणजे प्रत्यक्ष आपण. आता आपण माझ्या घरी आलात, तर मी आपल्याला गुडघ्यापर्यंत मातीत पुरू? वर शेण घालू? भर उन्हात उभं करू? तसं गावात बऱ्याच जणांनी केलंय म्हणे. माझी नाही बाई हिंमत झाली."

राजांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्याकडे गेला. "आणि ती तुझी झाडं? ती बरी उन्हात उभी!"

"ती रयत आहे महाराज. रयत उन्हातच असते. तिला कुठला पंखा?"

कुणीतरी खुदकन हसलं. विसाजीपंतांचा चेहरा काळवंडला. ही पोर बोलण्यात हार जात नाही, तर तिला हुकमातच अडकवावं, असा त्यांनी बेत केला.

"महाराज, हिच्याच तोंडून ऐका," ते गरजले. "रोप म्हणजे प्रत्यक्ष महाराज, हे हिला कबूल आहे. आणि ते रोप हिच्या घरात मेलं! हा राजद्रोह आहे. बाग राहू द्या, हिला आधी बेड्या घाला!"

कोंडाजीच्या हातातला पंखा गळून पडला. म्हाळसेनं तो उचलून त्याच्या हातात दिला आणि ती प्रधानांकडे वळली.

"प्रधानजी, महाराज माझ्या ओसरीवर धडधाकट उभे आहेत, आणि तुम्ही त्यांच्यासमोर म्हणता ते मेले? मग एकदा मोठ्यानं सांगून टाका. महाराज वारले असतील, तर डोक्यावरचं पागोटं उतरवा आणि सुतक धरा. आणि महाराज जिवंत असतील, तर हे काय होतं तेवढं सांगा."

राजे प्रधानांकडे बघत राहिले. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं.

विसाजीपंतांनी कपाळावरचा घाम पुसला. "ते... ते नुसतं रोप होतं," ते पुटपुटले.

"मग नुसतं रोप वाळलं म्हणून माझ्या आईची बाग जाते कशी?"

राजे आधी घशातल्या घशात हसले, मग खदखदून हसले, आणि शेवटी गादीवरची हिमसुंदरी बाजूला सारून स्वतःच लोडाला टेकले. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. कोंडाजीची बाग पिढ्यानपिढ्या बिनसाऱ्याची ठरली, राजवाड्यामागची चार बिघे जमीन म्हाळसेला इनाम मिळाली, आणि फेरी पहिल्यांदाच झाडं बघायला परसात गेली. राजांनी कुंपणावरची करवंदं स्वतःच्या हातानं तोडून ओंजळभर खाल्ली.

"मुली, शाही बागेत उद्यापासून तुझीच झाडं लावायची," ओठ काळे करून राजे म्हणाले. "आणि विसाजीपंत, त्यांना पाणी तुम्ही घालायचं. अत्तर नको, नुसतं पाणी!"