खड्ड्यांची राखण

फार जुनी गोष्ट आहे. ती पाहिलेलं माणूस आता सापडायचं नाही, पण तिच्यातल्यासारखी माणसं अजून गावोगाव सापडतात.

एका गावात दोन भाऊ होते. वडील गेले आणि एका चुलीच्या दोन चुली झाल्या. घर बांधायला वडिलांच्या मागे दोन जागा होत्या. एक टेकाडावरची, लाल मुरमाची. दुसरी खाली, विहिरीजवळची, काळ्या मातीची.

त्या गावाची रीत चांगली होती. वाटे थोरल्याने करायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने, म्हणजे वाटे करणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. घराच्या जागेसाठी आणखी एक रीत होती. सकाळी पंचांसमोर हातभर खोल खड्डा खणायचा, निघालेली माती उन्हात ठेवायची आणि दुपार कलली की तीच माती पुन्हा खड्ड्यात भरायची. भरून माती उरली तर जमीन घट्ट. कमी पडली तर जमीन पोकळ, तिथे घर बांधू नये. पण रीत कितीही चांगली असली तरी पाळणारा लबाड निघाला की तिचं मातेरं व्हायला वेळ लागत नाही.

दोन्ही जागांवर खड्डे खणून झाले. ऊन चढलं. थोरला म्हणाला, "मंडळी, आता तुम्ही जेवून या. मी बसतो खड्ड्यांच्या राखणीला."

केवढा हा भला माणूस! पंच जेवायला गेले, धाकटाही गेला. आणि या भल्या माणसाने काय केलं? टेकाडावरच्या ढिगातली माती पाटीत भरली आणि खालच्या काळ्या ढिगात नेऊन मिसळली. मग घाम पुसून सावलीत बसला.

दुपारी खड्डे भरले. टेकाडावर माती कमी पडली. खाली मात्र खड्डा भरून वर चांगला ढीग उरला. "खालची जागा उत्तम!" पंचांनी सांगून टाकलं.

धाकट्याची बायको तान्ही लेक कडेवर घेऊन तिथेच उभी होती. तिने उरलेल्या ढिगाकडे पाहिलं. काळ्या मातीत लाल मुरमाचे खडे होते, हाताने वेचून घ्यावेत इतके.

"अहो पंच," ती म्हणाली, "काळ्या रानातनं हे लाल खडे कसे निघाले?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. मग एक जण म्हणाला, "वाऱ्यानं आले असतील."

वाऱ्याने! खडे! त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. पण गावातली सर्वांत तगडी बैलजोडी थोरल्याच्या दावणीला होती आणि पेरणीच्या दिवसांत ती सगळ्यांनाच मागावी लागायची. बैलांपायी पाचही पंचांनी आपली जीभ गहाण टाकली होती. त्यांतला सर्वांत म्हातारा तर लहानपणी खालच्या त्याच जागी म्हशी डुंबवायचा. तिथे पूर्वी तळं होतं आणि गाळाने भरत भरत त्याची जमीन झाली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोही काठीवर हनुवटी टेकून गप्प राहिला.

"अगं, दादा आहे तो माझा," धाकटा बायकोला दबक्या आवाजात म्हणाला. "त्याच्यावर संशय घेतेस?"

"मी तुमच्या दादांना कुठं काय विचारलं? मी मातीला विचारतेय."

थोरल्याने उपरण्याने डोळे टिपले. "चालू द्या, बाबा. बायकांच्या बोलण्यानं भाऊ तुटतात ते असे."

झालं! धाकटा विरघळला आणि त्याने खालची जागा उचलली. थोरल्याने 'नाइलाजाने' टेकाड घेतलं आणि तिथे आपलं घर बांधलं.

पाया खणायला खाली काही कष्टच पडले नाहीत. कुदळ नुसती टेकवली की रुतत होती. धाकटा खूश झाला, बायको मात्र दर घावाला जास्त गप्प होत गेली. घर उभं राहिलं. पावसाळा लागला तसं एका बाजूचं जोतं खचू लागलं. दार लागेना. आतल्या भिंतीला भेग पडली, आणि आधी बोट जाईल एवढी होती तिच्यात पुढे हात जाऊ लागला.

धाकट्याची बायको पंचांकडे गेली. पंच म्हणाले, "नवं घर थोडं बसायचंच, पोरी. जागा आम्ही पारखलेली आहे."

हे ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती ओरडली नाही. ती म्हणाली, "बरं तर. नव्या घराची पहिली पंगत जागा पारखणाऱ्या पंचांची, ही आपली रीत. आमची राहूनच गेलीय. उद्या सगळे पुरणपोळी जेवायला या. भावजींनाही बोलावते."

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता. पुरणाच्या वासावर पंच आले, थोरलाही आला. तिने आत, त्या भेगाळलेल्या भिंतीच्या कडेनेच पाट मांडले होते. पत्रावळींवर पोळ्या वाढलेल्या होत्या. पंच उंबऱ्यापर्यंत आले, भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. एवढ्यात वरून मातीचं ढेकूळ निसटलं आणि पहिल्या पत्रावळीत पडलं.

"आम्ही ओसरीवरच बसतो," एक पंच म्हणाला.

"ओसरी गळतेय. आत या."

"नको, नको. हवा लागते बाहेर."

"भावजी, तुम्ही तरी या. थोरल्यांचा पाट पहिला."

थोरल्याने पाय पुढे टाकला नाही. "मला आज उपास आहे," तो म्हणाला.

आता मात्र तिचा आवाज चढला. "उपास? काल निरोप दिला तेव्हा नव्हता तो! अहो, एका जेवणापुरतं तुम्हाला या भिंतीखाली बसवत नाही, आणि माझी लेक रोज इथं निजते! तिचा पाळणा बघा कुठं आहे! जागा उत्तम म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? मग बसा! लाज कशाची वाटतेय, बसायची की उभं राहायची?"

कोणी बसलं नाही. धाकट्याने भावाकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं. मग मुकाट्याने आत जाऊन पाळण्यातून लेकीला उचललं आणि बायकोचा हात धरून बाहेर आला. त्याच्यामागोमाग सगळीच अंगणात उतरली, तोच भिंत करकरली आणि पाट, पत्रावळी, पाळणा सगळं घेऊन खाली आली.

पोर दचकून रडू लागली. बापाने तिला छातीशी घट्ट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो थोरल्याला उलटून म्हणाला, "दादा, खड्ड्यांची राखण तू केलीस."

म्हाताऱ्या पंचाच्या हातातली काठी गळून पडली. "मला ठाऊक होतं रे," तो म्हणाला. "मी इथं म्हशी धुतल्यात. मी बोललो नाही."

मग बाकीच्यांच्याही जिभा सुटल्या. पंचांनी तिथेच भर पावसात निवाडा केला. टेकाडावरचं घर धाकट्याला, खालची जागा थोरल्याला. थोरला हातापाया पडू लागला, "अहो, इथं माणूस राहील का?" म्हणून विचारू लागला. तेव्हा धाकट्याची बायको म्हणाली, "हे मला आधी सांगायचं होतंत, भावजी."

तिचा संसार ढिगाऱ्यातून वेचून पाचही पंचांनी आपल्या डोक्यावरून टेकाडावर वाहून नेला. तिने त्यांना पाणी दिलं, पण पुढे गावात कोणाच्याही जागेचा खड्डा पारखायला त्या पाचांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. थोरला त्या गाळात किती दगड ओतत राहिला तरी त्याचं जोतं वर आलं नाही.

म्हणून, मुलांनो आणि थोरांनो, ज्या भिंतीखाली आपल्याला एक घास खाववत नाही, ती दुसऱ्याला घर म्हणून देऊ नये, आणि कोणी देत असेल तर गप्प बसू नये.